भेगांचा थर

खिलेश्वरी वलथरेला गाळ वाचता येत होता. २०४३ सालच्या जुलैच्या चोवीस तारखेला तिने जे वाचलं, त्यानंतर तिला एका जागी बसणं जमेना.

नागपूरच्या संस्थेत ती अकरा वर्षं हेच काम करत होती. पूर्व विदर्भातले जुने तलाव माणसांनी मातीची पाळ घालून अडवलेले. दर पावसाळ्यात ओढे वाळू आणि तांबूस माती घेऊन येतात, ती आधी तळाला बसते. पाऊस संपून पाणी निवळलं की वर्षभर बारीक चिखल, मेलेलं शेवाळ, कुजलेली पानं हळूहळू खाली उतरतात. एक फिकी पट्टी, तिच्यावर एक काळी पट्टी, झालं एक वर्ष. तलावाच्या सगळ्यात खोल जागी तळाशी प्राणवायू नसतो, त्यामुळे तिथे अळ्या-किडे नसतात आणि या पट्ट्या कुणी ढवळत नाही. तिथे लांब नळी दाबून उभी वर काढली की चिखलाचा जो दांडा हाती येतो, त्याला हे लोक गाभा म्हणतात. बोटभर गाभ्यात दहा-पंधरा पावसाळे असतात.

पट्ट्या मोजणं जुनंच होतं. नवा होता तो थरवाचक. हे यंत्र क्ष-किरणांनी केसाच्या जाडीएवढा थर तपासायचं, त्यातलं लोह आणि टायटॅनियम मोजून कुठल्या आठवड्यात ओढे किती जोरात वाहिले ते सांगायचं. पानांवर मेणाचा जो पातळ लेप असतो तो शेकडो वर्षं टिकतो. त्यातल्या हायड्रोजनच्या वजनावरून झाडाने प्यायलेलं पाणी बंगालच्या उपसागराचं होतं की अरबी समुद्राचं, हेही कळायचं. खिलेश्वरीने तीन वर्षांत नव्वद तलावांचे गाभे या यंत्राखालून काढले होते आणि त्यातून तिला एक साखळी सापडली होती. लागोपाठ दोन वर्षं पाऊस उशिरा आलेला, आणि तिसऱ्या वर्षी जुलैच्या मध्यापर्यंत वाळूच्या तीन सुट्या रेघा. अशा वर्षी काही वेळा ऑगस्टच्या उत्तरार्धात उपसागरावरून आलेली वादळं एकामागून एक येऊन इथेच थबकायची आणि तीन दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळायचं.

गेली दोन वर्षं पाऊस उशिरा आला होता. चोवीस तारखेपर्यंत, यंदाचा गाळ पकडायला तळाशी ठेवलेल्या काचनळ्या वर काढून झाल्या. नव्वदपैकी एकाहत्तर तलावांत वाळूच्या तीन सुट्या रेघा होत्या.

"शंभरात चौतीस शक्यता," ती डॉ. नसरीन काझींना म्हणाली. त्या विभागप्रमुख होत्या. "दोन जिल्ह्यांच्या या पट्ट्यात कुठेतरी. कुठे ते यंत्र सांगत नाही."

काझींनी आलेख दोनदा पाहिला. "साठच्या खाली आपण काही जाहीर करत नाही. तुला माहीत आहे."

"मॅडम, पाळी चारशे वर्षांच्या आहेत. आता पाळीखाली घरं आहेत."

"आणि समुद्र चारशे वर्षांपूर्वीचा राहिलेला नाही. तुझी साखळी थंड समुद्राची आहे, खिलेश्वरी. तिनात एक हा इशारा नसतो, अफवा असते. दोनदा चुकलो की तिसऱ्यांदा आपलं कुणी ऐकणार नाही."

काझी खोटं बोलत नव्हत्या, हे खिलेश्वरीला ठाऊक होतं. ती जागेवर जाऊन बसली, उठली, पाणी प्यायली, परत बसली. शेवटी चार दिवसांची रजा टाकून ती बेलपाळला निघाली.

बेलपाळ तिचं गाव. तिथे पाळीच्या पायथ्याशी, जुन्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, होती त्या जागी, पंधरा वर्षांपूर्वी वसवलेली दोनशे घरांची नवी वस्ती होती. शाळाही तिथेच. तलाव बाराशे एकरांचा, आणि त्या वर्षी जुलैतच नव्वद टक्के भरलेला.

तिचे वडील तुळशीराम मासेमारांच्या सोसायटीचे अध्यक्ष. मासेमारी करणाऱ्या धिवरांच्या बायका-माणसांना बरोबर घेऊन त्यांनी वीस वर्षांत तलाव पुन्हा उभा केला होता. काठावर माजलेली बेशरमाची झुडपं उपटली, पाणवनस्पती लावल्या, नाहीसे झालेले देशी मासे परत आणले. ती पोचली तेव्हा ते काठावर जाळं दुरुस्त करत बसले होते.

"तुडूम उघडायचं म्हणतेस?" सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले. तुडूम म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार. "ऑगस्टात? मरळीनं आत्ताच पिल्लं काढली, पोरी. पाण्यासंग सारी नाल्यात जातील."

"अर्धाच रिकामा करायचा, बाबा. वरून पाणी आलं तर मावायला जागा हवी."

"अन् नाई आलं तं?"

"नाही येण्याचीच शक्यता जास्त आहे."

तुळशीरामांनी जाळं खाली ठेवलं. "मंग तू मले का सांगायले आली?"

संध्याकाळी ते दोघं पुंडलिक डोंगरवारांकडे गेले. पाणीवाटप समितीचे ते प्रमुख. तुडुमाला दोन कुलपं होती, एकाची किल्ली सोसायटीकडे, दुसऱ्याची समितीकडे. डोंगरवारांच्या घराण्यात दहा पिढ्या धानाचं पाणी सोडत आल्या होत्या. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"खिलू, धानाची रोवणी झाली आहे. सप्टेंबरात उघाड पडली की हेच पाणी धानाला लागते. तुह्या यंत्रावर मी आठशे एकराचा धान वाळवू?"

"काकाजी, पाळ फुटली तर?"

"माह्या आज्यानं ही पाळ पाहिली, त्याच्या आज्यानं पाहिली. सलंगावरून पाणी निघून जाते." सलंग म्हणजे जादा पाणी वाहून जायचा सांडवा. "पाटबंधाऱ्याच्या साहेबालेही विचारलं मी, दुपारी तुहं म्हणणं कानावर आलं तेव्हाच. कागदावर पाळ मजबूत आहे."

ती दुसऱ्या दिवशी नागपूरला परतली. रजा शिल्लक होती, पण गावात तिला थांबवेना आणि घरीही बसवेना. ती सरळ संस्थेच्या शीतगृहात गेली. तिथे बेलपाळचा आणखी एक गाभा पडून होता. तीन वर्षांपूर्वी नव्या लोकांना शिकवताना तो काठाजवळ उथळ पाण्यात चुकून घेतला गेला होता. काठाचे थर मधूनमधून विस्कटलेले असतात म्हणून असे गाभे कुणी वाचत नाही. तिने तो यंत्राखाली सरकवला तो केवळ हाताला काम हवं म्हणून.

साधारण हातभर खोलीवर तिला भेगा दिसल्या. चिखल उन्हात वाळला की चिरतो आणि त्या चिरांत वरची माती उतरते, तसल्या भेगा. म्हणजे त्या वर्षी पाणी काठापासून मागे हटलं होतं. दुष्काळ असणार, असं तिला वाटलं. पण त्याच थरातल्या पानांचं मेण दुसरंच सांगत होतं. झाडं पाण्याने तट्ट होती, पाऊस भरपूर झाला होता. मग ऐन पावसाळ्यात तलाव अर्धा रिकामा कसा? भेगांच्या लगेच वर वीतभर जाडीचा वाळूचा थर होता. महापुराचा.

तिने खाली पाहत जायला सुरुवात केली. भेगा परत होत्या. पुन्हा परत. ती पाच तास उभी होती. मोजून झाल्यावर तिने काझींना फोन लावायला घेतला, मग ठेवून दिला. गाभा शीतपेटीत भरला, नोंदवहीत काही न लिहिता गाडीत ठेवला आणि बेलपाळची वाट धरली.

सोसायटीच्या शेडमध्ये, मासे तोलायच्या फळीवर, तिने तो दोन फाकांचा गाभा उघडा करून ठेवला. एका बाजूला तुळशीराम, दुसऱ्या बाजूला डोंगरवार. डोंगरवार यायला तयार नव्हते, तुळशीरामांनी स्वतः जाऊन आणलं होतं.

"ही फिकी रेघ पावसाळ्याची, ही काळी बाकी वर्षाची," ती म्हणाली. "आता इथे पाहा. भेगा. भर पावसाळ्यात कुणीतरी तुडूम उघडून तलाव अर्ध्यावर आणला होता. मध्ये आठ-दहा दिवस ऊन पडलं असणार, काठ वाळला. अन् त्याच्यावर हा पूर. पाळ टिकली, कारण पाण्याला जागा होती."

डोंगरवारांनी चष्मा लावला. "हे कोणत्या साली?"

"सतराशे अडुसष्टच्या आसपास. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे."

"म्हणजे आमच्याच घरच्यानं उघडलं असंल." त्यांचा आवाज जरा बदलला.

"तुमच्या आणि आमच्या. कुलपं तेव्हा होती की नाही माहीत नाही." तिने हातातली सुई खालच्या थरांवर सरकवली. "असं चारदा झालंय. एकदा मात्र पुराच्या आधी भेगा नाहीत. त्या वेळी उघडलं नव्हतं. आणि त्याच्या वर हे बघा, दहा-अकरा वर्षांएवढ्या जाडीत पट्ट्याच नाहीत. गवताचं बी आहे, कोळसा आहे. इथे तलाव नव्हता. पाळ फुटली होती."

बाहेर बायका जाळी झटकत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"मंग त्याइले कळत होतं," डोंगरवार म्हणाले. "पूर येणार ते."

इथे थांबता आलं असतं. पूर दाखवून झाले होते, डोंगरवार वळत होते. पण फळीवरचा गाभा पूर्ण उघडा होता आणि तुळशीरामांचं बोट आधीच खाली सरकलं होतं. पन्नास वर्षं मासे मोजलेल्या माणसाची नजर.

"अन् ह्या कोणत्या भेगा? ह्याच्यावर तं पूर नाई."

"नाही," खिलेश्वरी म्हणाली. "त्यांना कळत नव्हतं, काकाजी. भेगा अठरा ठिकाणी आहेत. पूर त्यातल्या चारांवर."

"अठरातून चार?" डोंगरवारांनी चष्मा काढला. "चौदा वेळा फुकट?"

"चौदा वेळा फुकट. त्यांनी कशावरून ओळखलं ते गाळात सापडत नाही. वारा असेल, मासे असतील, कुणाच्या मनातली भीती असेल. माझं यंत्र त्यांच्यापेक्षा थोडंच बरं आहे."

तुळशीराम एकेका भेगेवरून नख फिरवत होते. ओठ हलत होते. शेवटच्या भेगेपर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला.

"पुंडलिकभाऊ," ते म्हणाले, "तेरा वेळा मासे गेले, धान वाळला, गावानं शिव्या घातल्या असतील. अन् तरी चौदाव्यांदा उघडलं. कसे लोक असतील हे?"

डोंगरवार उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते पाळीवर आले, तेव्हा त्यांच्या हातात किल्ली होती.

तुडूम पाच ऑगस्टला उघडलं. सोसायटीच्या चाळीस बायकांनी दाराच्या तोंडाशी बारीक जाळी लावली आणि आलटूनपालटून छातीभर पाण्यात उभं राहून जमतील तेवढे मोठे मासे धरून मागच्या डबक्यांत सोडले. पिल्लं जाळीतून निसटत होती. तुळशीराम काठावर उभे राहून ती जाताना पाहत होते. पाणी रोज वीतभर उतरलं. मध्ये ऊन पडलं. पंधरा तारखेला काठचा चिखल वाळून चिरला आणि खिलेश्वरी त्या भेगांवर अनवाणी उभी राहिली. तोवर तिने हे फक्त नळीत पाहिलं होतं.

खिलेश्वरीने रजा वाढवून घेतली. मग वाट पाहणं. ती दर तासाला उपग्रहाची चित्रं बघायची, जेवताना उठून दारात जायची. गावात लोक समोर बोलत नव्हते, पण चहाच्या टपरीवर ती गेली की बोलणं थांबायचं. एकवीस तारखेला उपसागरावर वादळ तयार झालं. बावीसला दुसरं. तेवीसला सकाळपासून बेलपाळवर पाऊस लागला. साधा, रिमझिमता, नेहमीचा. संध्याकाळपर्यंत तलाव दोन बोटं चढला.

"झालं समाधान?" वस्तीतल्या एका बाईने तिला रस्त्यात विचारलं. रागाने नाही, थकून.

चोवीस तारखेला सकाळी साडेअकराला बातमी आली. वादळं थबकली होती, पण पंचेचाळीस किलोमीटर पूर्वेला. खैरगोंदी नावाच्या गावचा तलाव काठोकाठ भरलेला होता. तिथे दोन दिवसांत वर्षाचा निम्मा पाऊस पडला आणि पहाटे पाळ फुटली. चार माणसं गेली, साठ घरं वाहिली.

बेलपाळमध्ये लोक पाळीवर जमले. कुणी खिलेश्वरीकडे कौतुकाने पाहिलं, कुणी तिचा हात धरला. तिला ते हात सोडवून घ्यावेसे वाटत होते. खैरगोंदीचा गाभा तिच्या नव्वदांत होता. तिथली काचनळी तिने स्वतः वर काढली होती.

"बाबा, मला तिकडे जायचंय."

"मीही येतो," तुळशीराम म्हणाले. त्यांनी मासेमारीचा डोंगा ट्रॅक्टरवर चढवला, सोसायटीचे सहा जण घेतले.

दोन दिवस ते चिखलात होते. अडकलेली माणसं काढली, जनावरं काढली. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या ओट्यावर खिलेश्वरीची गाठ पुष्पकला मेश्राम यांच्याशी पडली. खैरगोंदीच्या मासेमार सोसायटीच्या त्या अध्यक्ष, पंचेचाळिशीच्या. मेलेल्या चारांत त्यांचा दीर होता.

"तुम्हीच आल्या होत्या ना जुलैत, नळी काढायले?" त्यांनी विचारलं. "मी पाणी पाजलं होतं तुम्हाले."

"हो."

"बेलपाळवाल्याइनं तुडूम उघडलं म्हणते. तुम्ही सांगितलं म्हणून."

"हो."

"आमाले काहून नाई सांगितलं?"

खिलेश्वरीकडे कारणं होती. साठचा नियम होता, काझींचा शब्द होता, नव्वद गावांत अफवा पसरवायची नसते हे खरं होतं. ती कारणं तोंडापर्यंत आली. समोरची बाई वाट पाहत होती.

"ते माझं गाव आहे," ती म्हणाली. "वडील आहेत तिथे. मी त्यांना वाचवायला गेले. बाकीच्यांसाठी मी नियमाआड लपले."

पुष्पकलांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या उठल्या, पदर खोचला आणि चुलीवरच्या भातात पळी घालत म्हणाल्या, "आम्हीही कदाचित नसतं उघडलं. पण ते आमचं आम्ही ठरवलं असतं."

नागपूरला परतल्यावर खिलेश्वरीने काझींसमोर सगळं कबूल केलं. शीतगृहातून नेलेला गाभा, गावाला सांगितलेला आकडा, सगळं. काझींनी काठाचा गाभा मागवला, दार लावून एकट्याने वाचला. दोन तासांनी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"मला वाटत होतं चुकलो की लोक ऐकणं सोडतात," त्या म्हणाल्या. "इथे चौदा वेळा चुकूनही सोडलेलं नाही. का?"

"कारण चूक त्यांची स्वतःची होती, मॅडम. कुणी वरून सांगितलेली नव्हती."

चौकशी झाली. खिलेश्वरीची बढती गेली, नोकरी राहिली. साठचा नियम मोडायला काझींना दीड वर्ष भांडावं लागलं. आता एक ऑगस्टला पट्ट्यातल्या चारशे बारा तलावांच्या सोसायट्यांना आणि पाणी समित्यांना फोनवर पुराची शक्यता सांगणारा एक आकडा जातो आणि खाली एक ओळ. हा इशारा नाही, तलाव तुमचा, ठरवायचं तुम्ही.

पहिल्या वर्षी आकडा नऊ होता. तीस गावांनी तुडूम उघडलं, काहीच झालं नाही, आणि त्या तीसही गावांतून तिला शिव्यांचे फोन आले. त्यातला एक फोन बेलपाळचा होता. डोंगरवारांनी शिव्या घालून झाल्यावर विचारलं, "पुढच्या वर्षी कधी सांगशील?" तुळशीरामांची मरळ अजून पूर्वीसारखी वाढलेली नव्हती. खिलेश्वरीची झोप कायमची उडाली होती, जुलै लागला की तिचं जेवण अर्ध्यावर यायचं, आणि आकडा पाठवायच्या दिवशी ती सकाळपासून गच्चीवर फेऱ्या मारायची.

दुसऱ्या वर्षी आकडा एकवीस. पाठवून दहा मिनिटं झाली नसतील, फोन वाजला. खैरगोंदीची पाळ उन्हाळ्यात नव्याने बांधून झाली होती, तलाव पहिल्यांदाच भरला होता.

"खिलेश्वरीताई, पुष्पकला बोलतो. एकवीस म्हणजे किती समजायचं?"

"पाचात एक. चार वेळा काही होणार नाही."

"पहिल्यांदाच भरला आहे आमचा तलाव, साऱ्या पाळीवरच जमलो आहो. मासळीचं बीज तुमच्या बाबांनी दिलेलं आहे." पलीकडे बऱ्याच बायका एकदम बोलत होत्या. "तुम्ही आमच्या जागी असत्या तं उघडलं असतं?"

खिलेश्वरी फेऱ्या मारता मारता थांबली. "मला माहीत नाही, ताई. खरंच माहीत नाही."

"बरं."

पलीकडे पुष्पकलांनी फोन बाजूला धरून काहीतरी विचारलं. वाद झाला. एक म्हातारा आवाज नको म्हणत होता, एक तरुण आवाज त्याच्यावर चढत होता. खिलेश्वरी कानाला फोन लावून उभी राहिली. तिला कुणी काही विचारलं नाही. मग वाद थांबला. कुणीतरी हात वर करा म्हणालं. मोजणी झाली. आणि थोड्या वेळाने तुडुमाचं लोखंडी चाक करकरत फिरायला लागलं.